पाती खाचेत बसली पाहिजे



आपल्या घरात दुसरे काही अवजार असो वा नसो, स्क्रू ड्रायव्हर एक तरी असतोच. कोणी त्याला पेचकस म्हणतात, मुंबईच्या गॅरेजात डिसमिस म्हणतात. तो फडताळाच्या वरच्या कप्प्यात पडलेला असतो, नाहीतर पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो, आणि बहुधा तो एकच असतो. रंगाचा डबा त्यानेच उघडायचा, तेलाच्या डब्याला भोक त्यानेच पाडायचे, टायर रिमवरून त्यानेच उचकटायचा आणि फळीतला खिळाही त्यानेच काढायचा. एवढी चाकरी करून झाली की कधीतरी त्याने स्क्रूही फिरवायचा! मग स्क्रूचे डोके खाऊन गेले, की आपण म्हणतो, स्क्रूच गंजका होता.

बियाणे, खते, कीडरोग यांवर आपण नेहमीच बोलतो. आज या वीतभर अवजारावर लिहायला बसलो, त्याला कारण आहे. फूटपाथवरच्या एका स्वस्त स्क्रू ड्रायव्हरपायी माझ्या हातून एका शेतकऱ्याचे कलिंगडाचे पीक गेले होते.

गोष्ट १९९६ सालच्या उन्हाळ्यातली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी नोकरीला लागलो, त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मुंबईला गेलो असता दादरला रस्त्यावर एक संच दिसला. सहा स्क्रू ड्रायव्हर, लाल-पिवळ्या मुठी, आरशासारखी चकाकी. किंमत ऐकून मला वाटले, दुकानदारच फसला. संच पिशवीत टाकून मी रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या कामावर परत आलो.

पुढच्याच आठवड्यात नदीकाठच्या एका मळ्यात जाणे झाले. भातानंतर तिथे कलिंगड लावले होते. वेल छान पसरले होते आणि फळे नारळाएवढी झाली होती, म्हणजे पाण्याची खरी गरज होती ती याच वेळी. पंपाचा स्टार्टर मात्र चरचरत होता आणि जळका वास येत होता. झाकण उघडून पाहिले, तर एका फेजच्या वायरीचा स्क्रू ढिला झालेला. मालक वयाने मोठे. ते म्हणाले, "वायरमनला निरोप धाडतो." मी म्हटले, "भाऊ, त्याला कशाला? माझ्याकडे आहे ना!" मेन स्विच बंद केला, नवा संच काढला आणि जोर लावला. स्क्रू अर्धा वेढा फिरला असेल नसेल, तोच ड्रायव्हरच्या पातीला मेणासारखा पीळ पडला. दुसरा घेतला, त्याने स्क्रूची खाच खाल्ली. आता तो आतही जाईना आणि बाहेरही येईना. मी म्हटले, "सध्या चालेल." हे दोन शब्द मला पुढे फार महागात पडले. खरे म्हणजे मला नव्हे, त्यांना पडले.

चौथ्या रात्री ती ढिली वायर तापून सुटली. तीन फेजची मोटार दोनच फेजवर घुमत राहिली आणि जळाली. ओव्हरलोड रिलेने मोटार बंद पाडायला हवी होती, पण वारंवार ट्रिप होतो म्हणून तो कोणीतरी आधीच वर चढवून ठेवला होता. वाइंडिंगवाल्याकडे हंगामाची गर्दी. मोटार परत यायला आठ दिवस लागले. तोवर वेल माना टाकून बसले होते आणि जी फळे राहिली ती बाजारात न्यायच्या लायकीची नव्हती. मालक मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही मदतीलाच आला होतात." चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

माझे मामा लालबागला राहायचे. एका कापडगिरणीच्या साचेखात्यात ते फिटर होते. मुंबईत पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली चालू झाली, रेल्वेचे परळ वर्कशॉप १८७९ सालचे. शंभर-सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागात यंत्रे चालली ती आपल्याच कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातांनी. ज्यांना शिकायला मिळाले ते व्हीजेटीआयसारख्या संस्थेत शिकले. बाकीचे मामांसारखे उस्तादाच्या हाताखाली पक्कड-पाने उचलता उचलता फिटर झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मामांची गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे पंधरा-वीस वर्षे मामांनी शिलाई मशिने, पंखे, पिठाच्या गिरण्या दुरुस्त करून संसार ओढला. गिरणीचा भोंगा गेला, पण हत्यारांची पेटी राहिली आणि त्या पेटीने घर चालवले.

मोटार जळाली त्यानंतर मी मामांकडे गेलो आणि तो संच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक ड्रायव्हर उचलला, पातीवर कानस एकदाच ओढली आणि म्हणाले, "अरे, हे पोलाद नव्हे, हा पत्रा आहे. वरून मुलामा दिलाय." कानस लोण्यातून जावी तशी गेली होती. मग त्यांनी आपल्या पेटीतला लाकडी मुठीचा जुना ड्रायव्हर माझ्या हातात देऊन त्यावर कानस ओढायला लावली. ती नुसती घसरली, मोठ्या मुश्किलीने एखादा ओरखडा उठला. चांगल्या ड्रायव्हरची पाती क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते आणि तिला नीट पाणी दिलेले असते. पाणी कमी पडले तर पाती वळते, जास्त झाले तर तुकडा उडतो. चकाकीचा आणि पोलादाचा काही संबंध नाही. उलट चांगल्या कारखान्याचे पुष्कळ ड्रायव्हर टोकाला काळे ठेवलेले असतात, कारण मुलाम्याच्या थराने टोकाचे माप बदलते.

पण मामांचा खरा धडा पोलादाचा नव्हता. ते म्हणाले, "तुझ्याकडे उद्या विलायती पोलाद आले, तरी तू खाच खाशीलच. तू पाती मापून घेत नाहीस." त्यांच्या पेटीत खाकी कापडाची गुंडाळी होती. तिला शिवलेल्या कप्प्यांत अकरा ड्रायव्हर होते. मला वाटले, एका फिटरला अकरा कशाला? तर प्रत्येक खाचेला वेगळी पाती म्हणून!

सरळ खाचेच्या स्क्रूचे पाहा. पातीची रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी किंवा किंचित कमी हवी. डोक्याबाहेर आली तर आजूबाजूचे खरवडते. फार अरुंद असली तर सगळा जोर खाचेच्या मधल्या भागावर येतो आणि खाच खाल्ली जाते. रुंदी सगळेच पाहतात, जाडी कोणी पाहत नाही. पाती खाचेत घातल्यावर ती डुगडुगता कामा नये, तळाला टेकली पाहिजे. टोक पाचरीसारखे निमुळते असेल तर फिरवताना ते वर चढते आणि बाहेर येते. म्हणून शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत पातीच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात. दुकानात ड्रायव्हर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला की हे कळते.

फुलीच्या स्क्रूला आपण स्टार म्हणतो. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली त्याची पेटंटे घेतली आणि मोटारींच्या कारखान्यांतून तो जगभर गेला. पाती आपोआप मधोमध बसते, म्हणून कारखान्याला तो सोयीचा. पण त्याच्या खाचांच्या बाजू उतरत्या असल्याने जोर वाढला की टोक उसळून बाहेर येते. त्याला मापे असतात, ०, १, २ आणि ३. घरातल्या नि शेतावरच्या बहुतेक स्क्रूंना २ नंबर लागतो, बारीक स्क्रूंना १, इंजिनावरच्या मोठ्या स्क्रूंना ३. आपण काय करतो, तर हाती येईल तो घालतो. १ नंबर मोठ्या खाचेत घातला की तो फुलीच्या पाकळ्या खातो, आणि एकदा का पाकळ्या गोल झाल्या की तो स्क्रू निघणे मुश्कील. जपानी बनावटीच्या जुन्या मोटारसायकली आणि इंजिने यांवर फुलीशेजारी एक बारीक टिंब दिसते. ती फुली थोडी वेगळी असते, त्यात आपला स्टार नीट तळाला जात नाही. तिथे जपानी मापाचा ड्रायव्हरच घ्यावा. मिळाला नाही तर निदान जोर लावण्याआधी दोनदा विचार करावा.

आणि हात कसा लावायचा? मामा म्हणायचे, "आधी दाब, मग पीळ." आपण आधी पिळायला जातो. ड्रायव्हर स्क्रूच्या रेषेत सरळ धरायचा, तळहाताने मूठ मागून दाबायची आणि दाब कायम ठेवून फिरवायचे. घट्ट स्क्रू सोडवताना एका हाताने दाब, दुसऱ्याने पीळ.

मुठीविषयी एक गैरसमज फार आहे. लांब ड्रायव्हरने जास्त जोर येतो असे लोक समजतात. लांबीने ड्रायव्हर सरळ धरायला मदत होते, पीळ वाढत नाही. पीळ वाढतो मुठीच्या जाडीने. आमच्या भगिनींना हे लगेच कळेल. जात्याचा खुंटा मधोमध ठोकला असता तर दळण निघाले असते का? खुंटा कडेला म्हणून जाते फिरते. तसेच मुठीचे. मूठ हाताला भरेल इतकी जाड असावी, घामाने निसटेल इतकी गुळगुळीत नसावी. मुठीखाली दांडी चौकोनी किंवा षट्कोनी असेल तर तिथे पाना लावून अडलेला स्क्रू हलवता येतो.

मामा मला दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटला घेऊन गेले. मशीद बंदर स्टेशनवर उतरून पश्चिमेला थोडे चालले की हा बाजार लागतो. पंप, पाइप, बेअरिंग, पाने, करवती, सगळे लोखंडी जग तिथे आहे. जवळच लोहार चाळ आहे, तिथे विजेचा माल. पुष्कळशी दुकाने बोहरी आणि गुजराती व्यापाऱ्यांची. बोलणे थोडके, आणि गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहणारे असेल तर त्यांना राग येत नाही. रविवारी मात्र जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. मामांनी डझनभर ड्रायव्हर काढायला लावले, एकेकाची पाती पाहिली, मूठ पिळून पाहिली, कारण मुठीत दांडी सैल असली तर सगळेच फुकट. शेवटी चार घेतले. परतताना ते मला गिरगावात त्यांच्या ओळखीच्या एका घड्याळजीकडे घेऊन गेले. त्याच्याकडे काडीएवढ्या ड्रायव्हरांची रांग होती. डोक्यावरची फिरती टोपी तर्जनीने दाबायची आणि दांडी दोन बोटांनी फिरवायची. तिथेही तेच, आधी दाब, मग पीळ.

आता तालुक्याच्या गावीही चांगला माल मिळतो. आपल्या नाशिकला १९६९ पासून तापडियाची हत्यारे बनत आहेत, ती सुरुवातीला स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. भारतीय मानक ब्युरोचे स्क्रू ड्रायव्हरसाठी मानक आहे, त्याचा क्रमांक ८४४. नामांकित मालाची नक्कलही तितकीच होते. म्हणून मुठीवर कारखान्याचे नाव आणि माप स्वच्छ उमटलेले आहे ना ते पाहावे आणि पावती घ्यावी. मापात पहिला आकडा पातीच्या रुंदीचा आणि दुसरा दांडीच्या लांबीचा असतो. शेतकऱ्याच्या घराला माझ्या मते सरळ पातीचे तीन पुरेत, ३ किंवा ४, ६ आणि ८ मिलिमीटरचे. स्टारचे १ आणि २, इंजिन असेल तर ३. एक बुटका घ्यावा, तो अडचणीच्या जागी लागतो. एका मुठीला पंचवीस टोके बसवायचे संच येतात. टेबलावरच्या कामाला ते ठीक आहेत, पण चिखलात टोक पडले की गेले. पंपावर मी ते नेत नाही.

आता विजेचे काम. इथे चूक झाली तर जाते ती नुसती मोटार नव्हे. स्टार्टरचे बटन बंद केले म्हणजे स्टार्टरमधली वीज गेली असे नाही. बाहेरून येणाऱ्या तीन वायरी तशाच जिवंत असतात. मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे पलीकडून कोणी येऊन चालू करणार नाही. मग टेस्टरने तिन्ही फेज तपासा. त्याआधी टेस्टर चालू जागी लावून तो पेटतो ना ते पाहून घ्या, कारण बिघडलेला टेस्टर सगळीकडे वीज नाही असेच सांगतो. टेस्टरच्या पातीने स्क्रू पिळू नका, ती त्यासाठी नाही. प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण, हाही भ्रम आहे. दांडी उघडी असते आणि बोट तिच्यावर सरकतेच. विजेच्या कामाला दांडीवर टोकापर्यंत आवरण असलेला, १००० व्होल्ट असे लिहिलेला ड्रायव्हर वेगळा ठेवा आणि त्याने दुसरे काही करू नका. तोही बंद विजेवरच वापरायचा. आवरण आहे ते चुकून राहिलेल्या विजेसाठी, चालू विजेत हात घालायला नव्हे. पाय ओले, जमीन ओली, रात्रीची पाळी, अशा वेळी पाणी एक रात्र उशिरा गेले तरी चालेल.

हंगामाच्या सुरुवातीला वीज बंद करून स्टार्टरचे सगळे स्क्रू एकदा आवळावेत. मोटारीच्या थरथरीने ते ढिले होतात. ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती दाबाखाली हळूहळू चेपते, मग स्क्रू आपोआपच सैल पडतो. वायरीचे तंतू तसेच गुंडाळू नयेत, थिंबल लावून मगच स्क्रूखाली द्यावेत. स्क्रूची खाच खाल्लेली दिसली तर त्याच दिवशी नवा स्क्रू घालावा, मी केले तसे करू नये.

पुढच्या वर्षी मी त्याच मळ्यात गेलो. ६ मिलिमीटरचा नवा ड्रायव्हर नेला होता. स्टार्टर उघडला, तर भाऊंनी सगळे स्क्रू बदललेले आणि रिले मोटारीवरच्या अँपिअरवर लावून घेतलेला. तरी त्यांनी मला एकेक स्क्रू तपासू दिला. मी निघालो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला दोन कलिंगडे बांधलेली होती.

कोकणात पावसाळ्यानंतरची कटकट म्हणजे गंजलेले स्क्रू. फवारणी पंप, ग्रास कटर, पॉवर टिलरचे पत्रे, सगळीकडे तेच. सरळ जोर लावू नका. आधी खाचेतली माती-गंज टोकदार खिळ्याने खरवडून काढा. खाच मोकळी नसेल तर पाती तळाला जाणारच नाही. मग रॉकेल किंवा डिझेल यांचे थेंब सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी पाती खाचेत बसवून तिच्यावर हातोडीचे हलके दोन-तीन ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड सुटते. मात्र त्यासाठी दांडी मुठीच्या मागच्या टोकापर्यंत आरपार आलेला ड्रायव्हर हवा, नाहीतर मूठ फुटेल. डोळ्यांवर चष्मा असावा. आता स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा आणि मग सोडा. खाच थोडी खाल्ली असेल तर गॅरेजात व्हॉल्व्ह घासायची जी खरखरीत पेस्ट असते, ती चिमूटभर लावली की पाती घसरत नाही. तरीही निघत नसेल तर ठोक्याने फिरणारा ड्रायव्हर मिळतो, तो गावात एकाने घेतला तरी पुरतो. परत बसवताना आट्यांना ग्रीसचे बोट लावा. पुढच्या दिवाळीला मला दुवा द्याल.

घरातल्या कामातही तेच आहे. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला होतो, तो सुरीच्या टोकाने आवळायची पद्धत घरोघरी आहे. आमच्या सौ.च्या डाव्या तळहातावर तिची निशाणी आहे. झाकण एका हातात धरून दुसऱ्या हाताने सुरी फिरवली, ती निसटली, तीन टाके पडले. काम कधीही तळहातावर धरू नये, टेबलावर किंवा पाटावर टेकवावे. शिलाई मशीनच्या खणात बुटका ड्रायव्हर मिळतो तो मशीनपुरताच ठेवावा. मुलांच्या हाती पडला की पहिल्याच दिवशी त्याचे टोक जाते.

टोक गेले म्हणून ड्रायव्हर टाकू नका. सरळ पाती पुन्हा लावता येते. कानशीने किंवा सहाणेच्या चाकावर टोक काटकोनात सपाट करायचे, पटाशीसारखी धार काढायची नाही. चाकावर धरले तर दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवायचे. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले, ती पाती मग वळणारच. स्टारचे टोक मात्र घरी लावता येत नाही, ते झिजले की नवा घ्यावा.

मामा २००९ साली गेले. पेटी मामींनी मला दिली. त्यातला ८ मिलिमीटरचा लाकडी मुठीचा ड्रायव्हर पन्नास वर्षे घासला जाऊन दोन बोटे आखूड झाला आहे. गेल्या पंधरवड्यात शेजाऱ्याच्या ग्रास कटरचे चार अडलेले स्क्रू त्यानेच काढले.